भरल्या ताटावरून

अण्णा, तुम्ही जेवता जेवता किती वेळा उठून गेलात, याचा राग आईने जन्मभर मनात ठेवला. तुम्ही आगीच्या बंबावर, आपली खोली बंबखान्याच्या मागेच. घंटा झाली की तुमचा हात भातातून निघायचा आणि तसाच पंच्याला पुसला जायचा. आई ओरडायची, "अहो, भरल्या ताटावरून उठू नये, दोन घास तरी!" एकदा तुम्ही दारातूनच तिच्यावर खेकसलात, "तुझे दोन घास होईस्तोवर तिकडे कुणाच्या तरी घराची राख होते." मी तुमच्या ताटावर परात झाकली. माझ्या लग्नात सगळ्यांनी स्टीलची भांडी दिली, तुम्ही मात्र लाल रंगवलेली वाळूची बादली. सासरचे अजून हसतात.

ती बादली काही कॅनडाला आली नाही. इथे ग्वेल्फच्या बाहेर, शेतांच्या मधोमध आमचं घर. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, भर दुपारी कपड्यांच्या ड्रायरने पेट घेतला. भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर मी अख्खा रिकामा केला, काही उपयोग झाला नाही. बाहेरचा नळ गोठलेला. मी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उभी आहे, पायात नुसते मोजे, आणि फोनवरची बाई शांतपणे म्हणते, "दे आर ऑन देअर वे, मॅम." कुठल्या वेवर? रस्ता पार टोकापर्यंत दिसतोय आणि त्यावर चिटपाखरू नाही. बंब आला तोवर स्वयंपाकघर देव्हाऱ्यासकट जळून बसलं होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. तुमच्या बंबखान्यात माणसं गाडीला टेकून झोपायची, आणि हा म्हणे पुढारलेला देश!

पण संताप काढायचा कुणावर? इथे बंबावरची माणसं पगारी नाहीत, गावातलेच स्वयंसेवक. कमरेचा पेजर वाजला की हार्डवेअरवाला दुकान ओढून घेतो, शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरतो, आपापल्या गाडीने बंबखान्यात जातात आणि तिथून बंब घेऊन निघतात. पाणीसुद्धा टँकरने बरोबर आणायचं. आमच्याकडे बंब घेऊन आली ती स्कूल बस चालवणारी बाई. मला उबेला गाडीत बसवत म्हणाली, "सॉरी, हनी. बसमध्ये किड्स होती, त्यांना ड्रॉप केल्याशिवाय कशी येऊ?" आता हिला काय बोलणार?

म्हणून टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या पंचायतीच्या, मीटिंगला जाऊन भांडले. कौन्सिलर गोड हसून म्हणाले, "बट यू चोज रूरल लिव्हिंग, मॅम." जणू आग लागायची हौस मलाच होती! बंबाचा चीफ तेवढा खरं बोलला. दिवसा माणसंच नसतात, सगळे कामाला शहरात. लेकीचं एकच पालुपद, "आई, जस्ट सेल इट. ब्रॅम्पटनला या." तुमचे जावई मात्र तिथेच मीटिंगमध्ये उठून उभे राहिले. "मी रिटायर्ड आहे, दिवसभर घरीच असतो," म्हणाले. या वयात ट्रेनिंग करून आता पाण्याचा टँकर चालवतात. मला काय अभिमान वाटला! येईल त्याला सांगत सुटले, माझे वडीलही बंबावर होते म्हणून.

गेल्या आठवड्यात दुपारी पेजर वाजला. आम्ही नुकते जेवायला बसलो होतो. ते उठायला लागले आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, भरल्या ताटावरून उठू नये. दोन घास खाऊन जा." तुम्ही कधी बसला नाहीत. ते बसले. दोनाचे चार झाले, मी पोळीही वाढली.

आग दोन शेतं पलीकडच्या म्हाताऱ्या शेजारणीच्या घराला लागली होती. बंब आधी पोचला होता, त्यातलं पाणी संपलं आणि सगळे टँकरची वाट बघत उभे. म्हातारी जिवानिशी वाचली, घर गेलं. ती ड्राइव्हवेवर स्लिपर घालून उभी होती, म्हणे. तिने विचारलं, "व्हॉट टुक यू सो लाँग?" ह्यांनी नुसतं सॉरी म्हटलं. घरी आल्यावर एवढं सांगून त्यांनी स्वतःचं उष्टं ताट घासायला घेतलं. लेकीला त्या दोन घासांचं सांगितलेलं नाही, आणि म्हातारीसमोर जायचं धाडस नाही. तुम्हालाच लिहितेय, कारण तुमच्याकडे हे पोचणार नाही.

अण्णा, मटकीची उसळ होती. गरम होती, म्हणून म्हटलं.