बटणावरची टिकली

घाटंजी, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अपेक्षाताईस नयनचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून पत्र. बापूजींना जाऊन तीन महिने झाले. आईला बरे वाटावे म्हणून त्यांचा स्टिरिओ पुन्हा सुरू केला. लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घेतले. त्याने साध्या दोन स्पीकरांतून गाणारा समोर, तबला डावीकडे, टाळ पार मागे बसल्यासारखा ऐकू येतो. ऐकणाऱ्याच्या जागी छोटा माइक ठेवून मोजमाप घ्यावे लागते. मी तो बापूजींच्या खुर्चीवर ठेवला. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून उजवीकडे फिरवलेले बॅलन्सचे बटण मधोमध आणले. त्यावर एक जुनी टिकली चिकटली होती, ती खरवडून बटण पुसून घेतले.

आई पाच मिनिटांत उठून गेली. तेव्हापासून त्या खोलीत येत नाही, जेवणही अर्धेच. विचारले तर मले नाही ऐकायचं, एवढंच म्हणते. काय करू ते कळव.

लोभ ठेवशीलच.
नयन

नागपूर, १० फेब्रुवारी २०२५

चि. नयन यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लोहारा एमआयडीसीच्या कारखान्यातली मशीन समजून राह्यला का तू घराला? रिकाम्या खुर्चीचे माप घेतलेस, आईला नाही विचारलेस. तिला त्या खोलीत बापूजींची आठवण सोसत नसेल, एवढे तुला कळू नये? रविवारी, २३ तारखेला गाडी घेऊन येते. आई आता माझ्याकडेच राहील. तिला आधी सांगू नकोस, नाही तर अडून बसेल. कपडे मी आल्यावर भरीन.

रागावले तरी माया कमी नाही. जेवत जा.
ताई

घाटंजी, १८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न.

तुझे पत्र पोस्टमनने आईच्याच हातात दिले. तिने ते वाचले. संध्याकाळी म्हणाली, मी कुठंच येत नाही, आणि मग सगळे सांगितले.

तिचा डावा कान दोन वर्षांपासून बंद आहे. पोरं मले नागपूरले उचलून नेतील, म्हणून तिने बापूजींना आपल्याला सांगू दिले नाही. ती भिंतीशी तूर निवडत बसायची आणि ते विचारत विचारत बटण फिरवायचे. ती बस म्हणाली तिथे त्यांनी तिच्याच कपाळाची टिकली लावली. मी बटण मधोमध आणल्यावर तिला गाणे अर्धेच ऐकू आले. उजवा कानही गेला, असे वाटून ती पंधरा दिवस एकटीच घाबरत होती. आणि मी त्याला दुःख समजत होतो.

मग माइक खुर्चीवरून काढला. दोन्ही बाजूंचे गाणे उजव्या स्पीकरमध्ये मिसळायला सॉफ्टवेअरला सांगितले आणि बापूजींसारखे विचारत बटण फिरवले. तिने बस म्हणून हात वर केला. थोड्या वेळाने म्हणाली, यात तबलाही होता काय, तुझ्या बापाले सांगाले पाहिजे होतं.

रविवारी अवश्य ये. आई गाडीत बसेल, पण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन परत येण्यासाठी. हे तिनेच ठरवले आहे.

ती टिकली मी कचऱ्यातही शोधली, सापडली नाही. काल कामावरून आलो तर बटणावर नवी लावलेली होती. तेराव्यानंतर तिने टिकल्यांचे पाकीट कुणाला तरी देऊन टाकले, असे मी समजत होतो.

माझी चूक पोटात घाल.
नयन