सात नंबरची बुरशी

विहीणबाईंना नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझेही दुखतात, पण मी गावभर सांगत नाही. इकडे माझी लेक आणि तुमचे चिरंजीव धडधाकट आहेत. आपली नात मात्र चार दिवस झाले, जेवताना मान वर करत नाही. ते का, हे सांगायला बसले आहे. अक्षर लावून घ्या, माझी शाळा चौथीतच सुटली.

पोरगी प्रयोगशाळेत बुरशी पाळते हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्ही शेजारणींना नुसतं शास्त्रज्ञ सांगता, बुरशीचं नाव घेत नाही, असं कानावर आलं). काड, भुसा, लाकडाचा चुरा यांत म्हणे साखर कुलपात असते. बुरशी ते कुलूप फोडते, मग ती साखर आंबवून गाडीत घालायचं इंधन करतात. मी जन्मभर बुरशी फुकट घासली, हिला ती वाढवायचा पगार मिळतो. असो. तर तिथलं उबेचं कपाट बिघडलं आणि आतली बुरशी होरपळली. वाचलेल्या बारा बरण्या तिने घरी आणून न्हाणीघरात गरम पाण्याच्या टाकीवर मांडल्या आणि मला बजावलं, आजी, हात लावू नकोस. मी हात लावलाच नाही. चिमट्याने उचलल्या. हिरवी लव आलेल्या बरण्या डोळ्यांसमोर ठेवून कुठली बाई स्वस्थ बसेल? (मला वाटलं, पोरगी दमते, धुवायचं राहिलं असेल.) उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, तारेची घासणी. तासाभरात बरण्या अशा लखलखल्या की त्यांत तोंड बघावं. पोरगी आली, बघितलं आणि तिथेच ओल्या फरशीवर बसली. ओरडली असती तर मीही दोन शब्द ओरडून मोकळी झाले असते.

त्यातली सात नंबरची बुरशी सगळ्यांत खादाड. बाकीच्या महिना लावतात ते ही आठवड्यात फस्त करते. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई तिचं काम बघायला येणार, आणि पोरीला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. आता त्यांना काय दाखवायचं, माझा हात किती स्वच्छ आहे ते?

बाकी ठीक. जपून राहा, वय कोणाला चुकलंय.

तुमची विहीण

ता. क. मुद्द्याचं राहिलं. कोणती बुरशी कुठून आणली ते पोरीच्या वहीत आहे. मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं. सात नंबरपुढे लिहिलंय, बाबांच्या आईचं न्हाणीघर, दाराची आतली खालची फळी. रागावू नका. (माझ्या घरात तिला एकही सापडली नाही, पण तो विषय आत्ता नको.) दाराला फिनेल लावू नका. फळीचा ओला तुकडा कापून, कागदात गुंडाळून, मिळेल त्या गाडीने पाठवा. ताजा तुकडा मिळाला तर आठ दिवसांत पुन्हा वाढवीन, असं ती आईजवळ म्हणत होती, पण तुमच्याकडे मागायला लाजते.

आणखी एक. बरण्या कोणी धुतल्या, असं पोरीने विचारलं तेव्हा मी फक्त तुमच्या चिरंजीवांकडे बघितलं. तोंडाने एक शब्द खोटा बोलले नाही. ते बिचारे तेव्हापासून लेकीची माफी मागताहेत, आता तर कशा घासल्या तेही सांगतात. तेव्हा पुडक्यावर ‘आजीकडून’ एवढंच लिहा. कुठल्या, ते मी सांगेन.