लांडग्याचा वाटा

आत्याबाई, कोण बोलतंय ओळखलं का? नाही ओळखणार. जिवंत होतात तेव्हाच तुम्ही चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडे गप्पा मारायला जायच्या, आणि परत येऊन मलाच विचारायच्या, "अगं, करपल्याचा वास कुठनं येतोय?" आता तर जाऊनही किती वर्षं झाली. तेव्हा मीच सांगते. मी तुमची सून. तीच, जिला बघायला आल्यावर तुम्ही "उंचीला कमी हाय" म्हणालात आणि पुढे माळ्यावरचं काहीही काढायचं झालं की दरवेळी मलाच चढवलंत.

पत्र मी सांगते आहे आणि माझी सून लिहिते आहे. अक्षर तुम्हालाही येत नव्हतं, मलाही येत नाही. म्हणजे ज्या दोघींमधलं हे पत्र आहे त्या दोघींनाही ते वाचता येणार नाही, आणि जिला वाचता येतं तिला तुम्ही कधी पाहिलंही नाही. सून पुण्याची आहे, कंप्युटरच्या कंपनीत जाते. माझे शब्द धुऊन, इस्त्री करून मग कागदावर घालते. मी "व्हतं" म्हटलं की ती "होतं" लिहिते. मी म्हटलं, लिही बाई, आत्याबाईंना तेवढंच वाटेल की ही सुधारली.

परवा तुमच्या नातवाने, म्हणजे माझ्या लेकाने, टीव्हीवर बातमी लावली होती. शहराबाहेर कुणाच्या तरी फार्महाऊसवर बिबट्या आला आणि वासरू घेऊन गेला. बंदुकवाले, पिंजरेवाले, मोबाइल धरून उभे असलेले लोक, सगळी जत्रा. नातू म्हणाला, "बरं झालं, आपल्या कुकटपल्लीत असलं काही नव्हतं." मी हातातले वाटाणे खाली ठेवले. म्हटलं, अरे सोन्या, तुझ्याच पायी तर तुझ्या आजीच्या शेळ्या गेल्या. त्याला काय आठवणार? तो तेव्हा अंगणात भाकरीचा तुकडा चोखत बसणारं पोर होता. पण मला रात्रभर तुमची ती कबरी शेळी डोळ्यांसमोर येत राहिली, म्हणून आज सुनेला सुट्टीच्या दिवशी पकडून बसवलंय.

आपण गाव सोडून इथे तेलुगू मुलखात आलो ते यांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. पलंग गावीच ठेवून सामानाच्या ट्रकमध्ये तुम्ही दोन शेळ्या चढवल्यात. हे म्हणाले, "आई, शहरात शेळ्या?" तुम्ही म्हणालात, "शहरात माणसं पाला खात न्हाईत ना? मग शेळ्यांना काय तोटा." तुमच्या आईने तुम्हाला लग्नात दिलेल्या शेळीच्या वंशातल्या होत्या त्या. जमीन सासरची, घर सासरचं, नाव सासरचं. तुमचं स्वतःचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं, आणि ते तुमच्यामागून चार पायांवर चालायचं. आपलं घर तेव्हा वस्तीच्या अगदी शेवटी. मागे दगड रचून केलेली बुटकी भिंत, तिच्यापलीकडे बोरी-बाभळी आणि मग तो मोठा गुट्टा, म्हणजे दगडांची टेकडी, एकावर एक ठेवल्यासारखे काळे धोंडे. ती वर्षंच घाईची होती. नवे कारखाने येत होते, बाहेरच्या कंपन्या येत होत्या, गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा पिवळा बूथ झाला होता, ज्याच्या-त्याच्या गच्चीवर केबलच्या तारा. आणि दुपार झाली की गुट्ट्यात सुरुंग उडायचे. भांडी मांडणीवर थरथरायची. तुम्ही शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "उगी, उगी, कुणाचं तरी घर व्हतंय."

मग एका पहाटे कबरीचं करडू नव्हतं. उजाडल्यावर भिंतीपलीकडे सापडलं, अर्धं. मला शिसारी आली, तुम्ही मात्र खाली बसून माती निरखून पाहिलीत. "कुत्रं नव्हं हे. लांडगीण हाय." मग घरात जाऊन हळदी-कुंकू आणलंत. त्या उरलेल्या करडाच्या कपाळाला लावलंत, पोत्यावर घेतलंत आणि मला पाण्याचा तांब्या घेऊन मागून यायला सांगितलंत. गुट्ट्याच्या पायथ्याशी ते ठेवून, भोवती पाणी फिरवून म्हणालात, "घेतलंस ते तुझं, ऱ्हायलं ते माझं." तुमच्या माहेरी तसंच करायचे म्हणे. लांडग्याने तोंड लावलेलं परत घरात आणायचं नाही, पुरायचं नाही, त्याचा वाटा त्याला पोचवायचा. तो घेतो आणि पुढच्या शिवारात निघून जातो. आपली तेलुगू शेजारीण भिंतीवरून बघत होती. "एंदम्मा इदि?" म्हणाली, हे काय चाललंय. तुम्ही तिला मराठीत समजावलंत, तिने तुम्हाला तेलुगूत झापलं, आणि दोघींनाही सगळं कळलं.

पण लांडगीण पुढच्या शिवारात गेली नाही. शेजारणीच्या कोंबड्या गेल्या. पलीकडच्या प्लॉटवर कुत्री व्याली होती, तिची पिल्लं गेली. मग काळ्या शेळीचं करडू गेलं, आणि तुम्ही पुन्हा हळदी-कुंकू काढलंत. प्लॉटवरचा चौकीदार चाचा दारात येऊन उभा राहिला, हातात औषधाची बाटली. "क्या अम्मा, लांडगे की दावत कर रहे क्या? वो गोश्त मेरेकू देव. ये दवा मिला के रख देतूं, किस्सा खतम." शेजारीणही आली, कमरेला पदर खोचून. तुम्ही पोतं आवळून धरलंत. "त्याच्या वाट्यात विष? नक्को." चाचा म्हणाला, "आज बकरी का बच्चा है अम्मा, कल आदमी का बच्चा रहता." तुम्ही म्हणालात, "तिच्या आचळाला दूध हाय, चाचा. म्या बघितलंय. लेकुरवाळी हाय ती." मी दारातून ऐकत होते, पोर कडेवर. मला राहवलं नाही. "मग मी कोण आहे, आत्याबाई?" तोवर मी तुम्हाला तसं कधी बोलले नव्हते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तरी पोतं उचलून गुट्ट्याकडे निघालात. तांब्या घेऊन मी त्या दिवशी आले नाही.

आणि मग ती संध्याकाळ. ऊन उतरलेलं, पोर अंगणात शेळ्यांच्या खुंट्याजवळ बसलेलं, मी आत कणीक मळते आहे. शेळ्या एकदम गप्प होतात. ओरडल्या असत्या तर मी लक्ष दिलं नसतं, गप्प झाल्या म्हणून बाहेर आले. भिंतीवर ती उभी. केवढी लहान हो! मला वाटलं होतं काहीतरी अक्राळविक्राळ असेल. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळलेली, उन्हाच्या रंगाची, कान उभे. माझं पोर तिच्याकडे बोट दाखवून "भू भू" म्हणत होतं. मी पितळी परात फेकली, कणकेसकट. काय ओरडले ते मला आठवत नाही, शेजारीण सांगायची की गुट्ट्यावरचे सुरुंगवालेसुद्धा धावत आले. लांडगीण कधी गेली कळलंच नाही. तुम्ही आलात तेव्हा मी पोराला छातीशी धरून मातीत बसले होते. तुम्ही हलकेच म्हणालात, "ती शेळीकडं बघत व्हती." मी म्हटलं, "आज शेळीकडे. उद्या?" तुम्ही शेळ्या सोडून आत नेल्यात, माझी परात उचललीत, तिला लागलेली माती धुतलीत. त्या परातीला पोचा आला तो अजून आहे. सून म्हणते टाकून देऊ, मी देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "चल माझ्यासंगं." पोर शेजारणीकडे दिलं आणि आपण दोघी गुट्ट्यावर चढलो. तुम्ही पुढे, लुगड्याचा काष्टा आवळून, मी मागे धापा टाकत. वर जाऊन तुम्ही चारी बाजूंनी बघितलंत. इतकी वर्षं पायथ्याशीच यायचो आपण, वर कधी गेलो नव्हतो. एका अंगाला मोठा रस्ता, लॉऱ्यांची रांग. दुसऱ्या अंगाला कारखान्यांची पत्र्याची छपरं. तिसरीकडे अर्धे झालेले फ्लॅट, बांबू बांधलेले. आणि चौथीकडे आपलं घर, दोन शेळ्या ठिपक्यांएवढ्या. तुम्ही धोंड्यावर बसलात. मग म्हणालात, "पुढचं शिवार कुठंय गं?" तुमच्या माहेरी वाटा देऊन लांडग्याला वाटेला लावायचे. इथे वाटच नव्हती. तुम्ही ज्याला निरोप समजत होतात, त्याला ती आमंत्रण समजत होती. हे माझ्या तोंडून आलं असतं तर तुम्ही मला उभी जाळली असती, पण तुम्ही स्वतःच म्हणालात, "म्याच बसवून ठिवली तिला. माझ्या शेळ्यांच्या वासावर बसलीया." आणि हसलात. तसलं हसू मी तुमच्या तोंडावर आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

खाली आल्यावर तुम्ही यांना एवढंच सांगितलंत, "गावाकडं जाणारा टेम्पो बघ." शेळ्या तुमच्या बहिणीकडे जाणार होत्या. हे म्हणाले, "आई, भिंत उंच करू, पत्रा घालू." तुम्ही म्हणालात, "आन् ती काय खाईल? भिंतीपल्याड पोरं हायत शेजारणीची." चाचाला निरोप दिलात, शेळ्या जाऊ दे, मग थोडं थांब, तरीही ती राहिली तर तुझी बाटली आहेच. चाचा मान हलवून म्हणाला, "हौ अम्मा. तुम बोले तो रुकतूं."

टेम्पो आला त्या दिवशी तुम्ही तुमचं जुनं लुगडं खाली अंथरलंत, म्हणजे पाय घसरू नयेत. ड्रायव्हरला दम भरलात, "उन्हात थांबवू नगं. चहा प्यायचा तर सावली बघून पी." कबरी चढेना. तुम्ही तिच्या कानात काहीतरी बोललात, मग चढली. काय बोललात? टेम्पो वळेपर्यंत तिचं ओरडणं येत होतं आणि तुम्ही रस्त्याकडे पाठ करून खुंट्याजवळची लेंड्या-माती झाडत होतात, जणू तेच काम आज पुरं व्हायला हवं होतं. रडला नाहीत. शेजारीण मात्र भिंतीपलीकडे रडली. कोंबड्या तिच्या गेल्या होत्या, तरी रडली.

लांडगीण नंतर दिसली नाही. चाचा सांगायचा, रेल्वेच्या रुळांच्या कडेने जाताना त्याने तिला पाहिलं, मागे पिल्लं होती. खरंच पाहिलं की तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणायचा, ते त्याचं त्याला माहीत. तुम्ही दर वेळी विचारायच्या, "किती पिल्लं व्हती रं?" आणि तो दर वेळी वेगळा आकडा सांगायचा, आणि तुम्ही दर वेळी ऐकून घ्यायच्या.

त्यानंतर धारेच्या वेळेला तुम्ही भांडं घेऊन बाहेर जायच्या आणि दारातच थांबायच्या. मग आत येऊन पोराला उचलायच्या. "चल रं, आता तूच माझं करडू." आणि खरोखर त्याच्या कमरेला शेळीचं दावं बांधून त्याला खाटेच्या पायाशी अडकवायच्या, पळून जाऊ नये म्हणून. हे चिडायचे. तुम्ही म्हणायच्या, "दावं चांगलं हाय, वाया का घालवायचं?" हेच ऐकवलं परवा तुमच्या नातवाला, तर त्याची बायको, हीच जी लिहिते आहे, इतकी हसली की तिच्या हातून चहा सांडला. आता विचारते आहे, "आई, ते दावं आहे का अजून?" बघा, कशाला हवंय हिला!

शेळ्या गेल्याचं तुम्हाला किती लागलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. माझ्या पोरासाठी तुमची माहेरची शेवटची खूण तुम्ही टेम्पोत चढवलीत, आणि आपण दोघी पुढे इतकी वर्षं एका चुलीशी बसलो, भांडलो, पापड लाटले, पण तो विषय आला नाही. विचारलं असतं तर "काय त्यात" म्हणाला असतात आणि भांडी आदळली असती. आज गुट्टाही नाही. त्याच्या जागी उंच फ्लॅट आहेत, आणि त्यातल्याच एकात मी बसले आहे. खाली बघते तर कुठे अंगण होतं, कुठे भिंत, काही लागत नाही.

सून विचारते आहे, पाकीट आणू का. म्हटलं, पत्ता कुठला घालशील? राहू दे, घडी घालून कपाटात ठेव. खरं सांगू का आत्याबाई, उत्तर मिळायला हवंच असं काही नाही. तुमच्याशी बोलायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. घरात सगळे माझं ऐकून घेतात, उलट बोलायला कुणी राहिलं नाही.

तरी उत्तर द्यायचंच झालं, तर तुमच्या रीतीने द्या. तोंडाने तुम्ही कधी मनातलं सांगितलं नाहीत, ताटातून सांगितलंत. रागात असलात की पिठलं पाण्यासारखं, मन निवलं की अंबाडीच्या भाजीवर लसणाच्या तेलाची धार. भाद्रपदात दरवर्षी मी तुमचं पान वाढते, खीर, वडे, सगळं पाठवते. यंदा तुम्ही पाठवा, स्वप्नात पाठवलंत तरी चालेल. पिठलं असेल तर पिठलं, मी मुकाट्याने खाईन. अंबाडी असेल तर मात्र तुमच्या हातची पाठवा, इथे अंबाडीचा गोंगुरा करतात, त्यात नुसतं तिखट असतं. आणि ज्वारीच्या कण्या चांगल्या मऊ शिजवा. माझे दात राहिले नाहीत.