वायर बसत नाही

भूगाव,
२८ ऑक्टोबर २००१

प्रिय मनीष,

इकडे मी आणि जान्हवी खुशाल आहोत. तुझ्या तब्येतीचं तू कळवतोस, पण तेवढंच कळवतोस. सोसायटीच्या टाकीत एकदाचं पाणी आलं. जान्हवीचा पुढचा दात पडला. बाबाला दाखवायचा म्हणून तिनं तो काजळाच्या डबीत ठेवलाय.

तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं. म्हणे जर्मनीतलं टेलिफोनचं सॉकेट वेगळं, लॅपटॉपची वायर त्यात बसत नाही, रोज खटपट करतोस, म्हणून ई-मेल नाही. अरे, बायको पौडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बारा वर्षं वायरी जोडतेय आणि तू तिलाच वायरीचं कारण सांगतोस? देश कुठलाही असो, लागतात दोनच तारा. जाण्याआधी ओट्यावर बसवून तुला सांधा मारायला शिकवला होता. सप्टेंबरभर रोज मेल येत होते. तेव्हा भिंत वेगळी होती का?

ऑफिसात झाडलोट करणाऱ्या कोंडाबाईंजवळ सहज बोलले. त्या म्हणाल्या, "बाई, वायरीचं काय बी न्हाई. मानूस लपवतोय. तितं कुनी हाय का बघा." मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन मात्र तुझं कपाट उपसलं. शर्टांचे खिसे, जुन्या डायऱ्या, सगळं. लाज वाटत होती, तरी थांबले नाही. त्यात तुझ्या पत्राच्या पाकिटावर नवा पत्ता. हॉटेल का सोडलंस, त्याबद्दल एक अक्षर नाही.

काल दारात शेखर उभा. तुझ्याबरोबर गेलेला हा माणूस परत आलाय, हेही मला ठाऊक नव्हतं. चहा घेताना नजर वर करेना. मग खिशातून एक वायर काढून म्हणाला, "वहिनी, मनीषचा लॅपटॉप मीच आणून कंपनीत जमा केला. ही बॅगेत राहिली होती."

"कधी जमा केलास?"

"पाच तारखेला."

वायरीच्या टोकाला तिकडचा प्लग. सांध्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे, शेवट दुमडलेला, मी शिकवला तसाच. वायर बसत होती, मनीष. वीस तारखेला तुझ्याकडे लॅपटॉपच नव्हता. नोकरीही नव्हती, हे शेखरकडून मी वदवून घेतलं.

नोकरी गेल्याचा राग नाही. मी इथं तुझ्यासाठी एक बाई मनात उभी केली, तिच्याशी कडाकडा भांडले, आणि तू तिकडे एकटा खोल्या शोधत हिंडत होतास, याचा राग आहे. आणि खरं सांगू? संशय अजून पुरता गेलेला नाही. आणखी काही लपवलं असशील तर ते पत्रात नको, समोर बसून सांग.

जान्हवीला मी सांगून टाकलंय की बाबाची नोकरी गेली आणि बाबा घरी येतोय. पहिलं खरं आहे, ते शेखरनं सांगितलं. दुसरं मी माझ्या मनानं सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

वायर ठेवून घेतलीय.

अजून तरी तुझीच,
मेधा