आठ सेकंदांत खोटा

३ जून
साहेबांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, "तुझा प्रोग्रॅम ऑगस्टपर्यंत होईल?" म्हटलं, "जुलैतच."

आकाशात कुठेतरी गॅमा किरणांचा स्फोट होतो, उपग्रह आलेख पाठवतो, आणि आमचे मास्तर चष्मा पुसत बसतात. स्फोट खरा की खोटा, म्हणजे नुसता यंत्राचा गोंधळ, ते वहीत लिहितात, खाली सही करतात. चाळीस मिनिटं! माझा प्रोग्रॅम आठ सेकंदांत सांगेल, दुर्बिणी लगेच वळतील. मी म्हणाले, "मास्तरांना चष्मा सापडेपर्यंत स्फोट विझलेला असतो." सगळे हसले. मास्तरही हसले, बावळटासारखे.

९ जून
प्रोग्रॅमला शिकवायला जुने निकाल हवेत. मास्तर अठरा वर्षांच्या वह्या स्वतः उचलून घेऊन आले, दोन खेपा. धापा टाकत म्हणाले, "घे गं, शिकव त्याला." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात — इथे तर झाडच दांडा घेऊन दारात आलं. वह्या तशाच टायपिस्टकडे धाडल्या. ते किचकट अक्षर वाचत कोण बसणार?

२ जुलै
शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर. दिवसभर नाक वर करून हिंडले.

११ ऑगस्ट
मास्तरांचा संगणक काढून घेतला. नुसते खिडकीशी बसून असतात. दुपारी माझ्या टेबलाशी आले. "साहेबांकडे शब्द टाक ना. महिनाअखेरीस घरी पाठवणार म्हणतात. ही गेल्यापासून घर खायला उठतं गं." हात जोडले त्यांनी. म्हटलं, "बघते." बघायचंय काय डोंबल! मला मजा वाटली. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१९ ऑगस्ट
घात झाला. वर्षातला सगळ्यात मोठा स्फोट, आणि प्रोग्रॅमने आठ सेकंदांत ठरवलं: खोटा. आमच्या दुर्बिणी ढिम्म. बाकी जगाने पाहिला.

दुपारी टाइप केलेल्या यादीत कारण सापडलं. असे हळूहळू चढत जाणारे स्फोट मुळात विरळा; सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका महिन्यात बरेच आले, आणि वहीत एकूणएक खोटे ठरवलेत. प्रोग्रॅमने तेच गिरवलं.

बैठकीत सांगून टाकलं, "चूक माझी नाही. मास्तरांच्या वहीत आहे." मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सही माझीच आहे, साहेब." महिनाअखेरीची वाट कोण बघतो — संध्याकाळी टेबल रिकामं. जाताना मला म्हणतात, "वेळेवर जेवत जा." कोडगा म्हातारा.

२० ऑगस्ट
अहवालाला जोडायला ती वही काढली. अक्षर माझं आहे. त्यांची बायको दवाखान्यात होती, मी नोकरीला नवी, महिनाभर त्यांच्या खुर्चीत बसून मीच लिहिलं होतं. प्रत्येक पानाखाली त्यांची सही. एका कडेला पेन्सिलीने: "परत बघायचं. नवखी आहे, शिकेल."

पानं फाडली. अहवाल पाठवला.