टाकीखालची दोन एकर

मी, अल्बिना कोत्सुरेक, माहेरची यारोश, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार लिपोव्हा वस्ती, टेक्सस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, पण सहीला ते लागत नाहीत.

१. राहते घर आणि इथे न लिहिलेले सारे मुलगी लिडिया हिला. घर तिने खुशाल विकावे. आता नळ आहे, गिऱ्हाईक मिळेल.

२. माझे दिवंगत पती अँटोन यांची पंपदुरुस्तीची हत्यारे पाणी मंडळाला. हे मंडळ कसे झाले ते लिहिते, त्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

त्र्याहत्तर साली शेतातली खते झिरपून वस्तीतल्या विहिरी नासल्या. शेजारच्या ग्लॅडिसचे तान्हे बाळ त्या पाण्याने निळे पडले, थोडक्यात वाचले. कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, "तुमचं गाव कागदावर नाहीच. पाइप द्यायचे कोणाला?" कायद्याने एकच वाट होती: आपणच मतदान करून मंडळ स्थापायचे, घरटी कर बसवायचा आणि त्याच्या भरवशावर रोखे काढून टाकी बांधायची.

माझा धाकटा भाऊ एमिल आडवा आला. त्याच्या विहिरीला गोडे पाणी होते.

"ताई, तुमच्या तहानेचा कर मी का भरू?"

"ग्लॅडिसचं बाळ पाहिलंस ना?"

"पाहिलं. म्हणून काय सरकार दारात आणून बसवायचं?"

एक्केचाळीस विरुद्ध अडतीस मतांनी मंडळ झाले. वडिलांनी मला दिलेली उंचवट्यावरची दोन एकर मी टाकीसाठी वापरू दिली, तेव्हा एमिल म्हणाला, "बाबांची जमीन विकून खाल्लीस." मी छदामही घेतला नव्हता. दहा वर्षे आम्ही चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

चौऱ्याऐंशीच्या दुष्काळात त्याची विहीर आटली. मंडळाची अध्यक्ष मीच. सभेत कोणी म्हणाले, "बसू दे बोंबलत." खरे सांगते, क्षणभर मलाही बरे वाटले. मग त्याच्या घरापर्यंत पाइप न्यायला पहिला हात माझाच वर गेला. नळ सुटला, एमिलने ओंजळभर पाणी पिऊन तोंड वाकडे केले.

"लोखंडाची चव लागतेय, ताई."

"नवा पाइप आहे. पीत राहा, जाईल."

तो हसला. मी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. तेव्हापासून मला शांत झोप लागते.

३. ती दोन एकर कायमची पाणी मंडळाच्या नावे करते. यारोशांपैकी किंवा कोत्सुरेकांपैकी कोणीही ती परत मागू नये.

४. खसखशीच्या कोलाचे, म्हणजे आमच्या गोड पावांची, खरी कृती ग्लॅडिसला. बावीस वर्षे मागत होती. आजवर सांगितले त्याच्या दुप्पट लोणी घालावे. माफ कर, बाई.

५. एमिलला काहीही देत नाही. वकील म्हणाले, वाटणी मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी त्यालाच विचारले, "अँटोनचा ॲकॉर्डियन घेतोस, की सही करतोस?"

त्याने तिसरे कलम दोनदा वाचले आणि म्हणाला, "पेन दे."

लिपोव्हा, ९ मार्च १९८७

सही: अल्बिना कोत्सुरेक

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
बेनो शिमेक, टपालवाला
एमिल यारोश, भाऊ