आवाला माझी पावलं कळतात

चि. सुमिएस दादाचे आशीर्वाद.

आज सकाळपासून लहानपणच्या तोफूवाल्याचा भोंगा कानात वाजतोय. तो ऐकला की तू भांडं घेऊन धावायचीस. इथे प्रयोगशाळेत माकडांना असाच एक सूर ऐकवतात आणि मागोमाग विजेचा चटका देतात. मग नुसत्या सुरानेही त्यांच्या मेंदूतली भीतीची जागा यंत्राच्या पडद्यावर उजळते.

माझी तब्येत छान आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

काल आमच्या संशोधक कुझेबाई हसत म्हणाल्या, "आजोबा, आवाचा मेंदू तर तुमच्या पावलांनीही उजळतो हं!" आवा म्हणजे मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली वीतभर माकडीण. तिला यंत्राकडे रोज मीच नेतो ना.

उद्या तिला मारून मेंदू तपासणार. नंतर प्रयोगात मेलेल्या प्राण्यांच्या स्मृतिशिळेपुढे उदबत्त्या लावायच्या आणि दरवर्षीप्रमाणे कविता मी म्हणायची. यंदा शाळेत पाठ केलेल्या त्या कवितेची एक ओळ आठवेल तर शपथ! "तिला घरी नेऊ का?" असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "नियमात बसत नाही, आजोबा."

दार वाजलं म्हणून मध्येच उठलो होतो. दारात कुझेबाईच, हातात कापडाने झाकलेला पिंजरा. "लवकर आत घ्या तिला," म्हणाल्या. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि कापडाखाली आवा किंचाळली.

तुझा दादा,
तोकुजी